हजार मैलांचा हिशेब

थंडीची चाहूल लागली की वागातोर परिसरात दुचाकीस्वारांचे मेळावे भरू लागतात आणि परराज्यांतून आलेल्या मोटारसायकली गोव्याच्या रस्त्यांवर ठळकपणे दिसू लागतात. त्यांतील काही स्वार बंगळुरू, हैदराबाद, इंदूर किंवा वडोदरा अशा दूरच्या शहरांतून वाटेत मुक्काम न करता थेट आलेले असतात. दुचाकीवरून इतके अंतर एका दमात कापणे ही एके काळी नाइलाजाची गोष्ट मानली जाई. आता तो एक स्वतंत्र छंद झाला आहे आणि त्या छंदाला स्वतःचे माप, स्वतःचे नियम व स्वतःचे प्रमाणपत्रही लाभले आहे. चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे साधारण १,६१० किलोमीटर, हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध माप होय.

असे प्रमाणपत्र मिळाल्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर झळकते तेव्हा त्यामागचा हिशेब पाहणाऱ्याला दिसत नाही. हे माप अमेरिकेत, तेथील रस्त्यांवर आणि तेथील वेगमर्यादांत जन्माला आले. आपल्या रस्त्यांवर ते जसेच्या तसे उचलले, तर त्यातील अंतर तेवढेच राहते. परंतु विश्रांतीसाठी उरणारा वेळ जवळजवळ नाहीसा होतो. हा फरक नेमका किती आणि तो जिवावर कसा बेतू शकतो, हे समजून घेण्यासाठी आधी या प्रवासाचे स्वरूप पाहावे लागेल.

परंपरा आणि माप

मोटारसायकलवरून दूरचा पल्ला गाठण्याची अमेरिकेतील परंपरा त्या वाहनाइतकीच जुनी आहे. १९०३ साली जॉर्ज वायमन हा तरुण सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि सुमारे ५० दिवसांनी न्यूयॉर्कला पोहोचला. पक्के रस्ते नव्हतेच. कित्येक ठिकाणी त्याला रेल्वेमार्गावरून, रुळांखालच्या लाकडी स्लीपरांवरून गाडी हाकावी लागली. शेवटच्या टप्प्यात इंजिनाने दगा दिला, तेव्हा त्याने पायडल मारत प्रवास पूर्ण केला. पुढे १९१४ साली अर्विन बेकर याने सॅन डिएगो ते न्यूयॉर्क हे अंतर साधारण साडेअकरा दिवसांत कापले. १९१६ साली ऑगस्टा आणि अ‍ॅडलिन व्हॅन ब्युरेन या दोघी बहिणी आपापल्या मोटारसायकलवरून पूर्व किनाऱ्याहून पश्चिम किनाऱ्यापर्यंत गेल्या. लष्करात निरोप पोहोचवण्याचे काम स्त्रियाही करू शकतात, हे त्यांना दाखवून द्यायचे होते.

या परंपरेला आजचे संघटित रूप आले ते १९८४ साली, ‘आयर्न बट रॅली’ प्रथम भरली तेव्हा. ‘लोखंडी बैठक’ असा अर्थ सांगणारे हे नाव विनोदाने ठेवलेले असले, तरी त्यामागील अनुभव खरा आहे. अकरा दिवसांत अकरा हजार मैल अशी या रॅलीची ओळख आहे. तिच्याभोवती ‘आयर्न बट असोसिएशन’ ही संघटना उभी राहिली आणि माइक नीबोन यांच्या नेतृत्वाखाली ती वाढली. रॅलीत भाग घेणे थोड्यांनाच शक्य होते. म्हणून सर्वसामान्य स्वारालाही आपल्या सोयीच्या दिवशी, आपल्या आवडीच्या मार्गावर पूर्ण करता येतील असे काही प्रवास संघटनेने निश्चित केले.

त्यांतील पायाभूत प्रवास म्हणजे ‘सॅडलसोर १०००’, चोवीस तासांत हजार मैल. खोगिरावर फार वेळ बसल्याने पडणारे व्रण हा त्या नावाचा अर्थ. त्यापुढचा ‘बन बर्नर १५००’ हा छत्तीस तासांत दीड हजार मैलांचा, तर ‘बन बर्नर गोल्ड’ हा तेवढेच अंतर चोवीस तासांत कापण्याचा प्रवास आहे. यांपैकी कोणताही प्रवास शर्यत नाही. त्यात पहिला, दुसरा असे क्रमांक नसतात. एकोणीस तासांत पोहोचलेल्या आणि तेवीस तास पन्नास मिनिटांत पोहोचलेल्या स्वाराला मिळणारे प्रमाणपत्र एकच असते. म्हणजे लवकर पोहोचण्याने काहीही अधिक पदरात पडत नाही. ही गोष्ट पुष्कळ नवोदितांच्या ध्यानात येत नाही, आणि तिथेच पहिली चूक होते.

पावतीवर उभा राहणारा पुरावा

अंतर खरोखर कापले हे सिद्ध कसे करायचे? मोटारसायकलीवरचा किलोमीटरचा काटा यासाठी पुरेसा नसतो. बहुतेक काटे प्रत्यक्षाहून थोडे जास्त अंतर दाखवतात. त्यामुळे काट्यावर १,६१० चा आकडा दिसला, तरी नकाशावर मोजलेले अंतर त्याहून कमी भरू शकते. संघटना नकाशावरील अंतर ग्राह्य धरते. म्हणूनच अनुभवी स्वार मार्ग आखतानाच चाळीस-पन्नास किलोमीटर जास्तीचे धरतात.

प्रवासाचा आरंभ आणि शेवट पेट्रोलपंपावरील पावतीने ठरतो. पहिल्या पावतीवर छापलेली वेळ ही घड्याळ सुरू झाल्याची खूण आणि शेवटच्या पावतीवरील वेळ ही ते थांबल्याची. दोन्ही टोकांना साक्षीदाराची सही घ्यावी लागते. मधल्या प्रत्येक थांब्यावर दिनांक, वेळ, ठिकाण आणि काट्यावरील आकडा यांची वहीत नोंद ठेवायची आणि त्या थांब्याची पावती जपून ठेवायची. मार्ग जिथे वळतो किंवा उलटा फिरतो, त्या टोकाची पावती विशेष महत्त्वाची असते. ती नसेल, तर स्वार खरोखर त्या टोकापर्यंत गेला की अलीकडूनच माघारी वळला, हे सांगता येत नाही. हे सर्व कागद संघटनेकडे पाठवल्यानंतर त्यांची तपासणी होते आणि मगच प्रमाणपत्र मिळते.

भारतात या पुराव्याची एक वेगळीच अडचण आहे. राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकींना पथकर नसतो. त्यामुळे मोटारचालकाकडे जशी टोलनाक्याची नोंद आपोआप तयार होते, तशी दुचाकीस्वाराकडे होत नाही. सारा भार पेट्रोलपंपाच्या पावतीवर पडतो. हाताने लिहिलेल्या पावतीचा तेथे फारसा उपयोग होत नाही. दिनांक, वेळ आणि ठिकाण छापलेली पावती मागून घ्यावी लागते आणि ती नीट उमटली आहे की नाही, हे पंपावरून निघण्यापूर्वीच पाहावे लागते. घामाने आणि उन्हाने अशा कागदावरची शाई पुसट होते. म्हणून काट्याशेजारी पावती धरून तिचे छायाचित्र घेण्याची पद्धत पडली आहे. मध्यरात्री, झोपेने डोळे जड झालेले असताना हे काम नेमकेपणाने करता येणे हीदेखील एक कसोटीच असते. नोंदीतला हलगर्जीपणा हे थकव्याचे लवकर दिसणारे लक्षण आहे. वहीत वेळ लिहिताना चुका होऊ लागल्या, तर त्या हातांनी पुढे गाडी चालवावी काय, हा प्रश्न स्वाराने स्वतःला विचारायला हवा.

वेग आणि थांबे

चोवीस तासांत १,६१० किलोमीटर म्हणजे थांब्यांसह ताशी साधारण ६७ किलोमीटरची सरासरी. हा आकडा ऐकताना किरकोळ वाटतो. ताशी शंभरने जाणाऱ्या गाडीला सदुसष्टची सरासरी काय अवघड, असे मनात येते. परंतु सरासरी खाली ओढण्याचे काम रस्त्यापेक्षा थांबे अधिक करतात.

समजा, प्रवासात सहा थांबे घेतले. एका स्वाराला प्रत्येक थांब्यावर अर्धा तास लागतो. हेल्मेट काढणे, हातमोजे शोधणे, पेट्रोल भरणे, चहा घेणे, फोन पाहणे, पुन्हा सामान बांधणे यांत तो जातो. दुसरा स्वार तेच काम बारा मिनिटांत उरकतो. दर थांब्याला अठरा मिनिटे, या हिशेबाने सहा थांब्यांत दुसऱ्याचे एक तास अठ्ठेचाळीस मिनिटे वाचतात. आता वेग वाढवून किती वाचते ते पाहू. संपूर्ण १,६१० किलोमीटर ताशी १०० ऐवजी ११० ने कापले, तर वाचणारा वेळ साधारण एक तास अठ्ठावीस मिनिटे. म्हणजे कुठलाही धोका न पत्करता नीट थांबणारा स्वार जोराने गाडी हाकणाऱ्याहून अधिक वेळ वाचवतो. शिवाय वेग वाढला की हवेचा रोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, पेट्रोल अधिक जळते, टाकी लवकर रिकामी होते आणि एखादा थांबा वाढतो. वाऱ्याचा मारा आणि आवाज यांमुळे शरीर लवकर थकते, ते निराळेच.

या छंदातील अनुभवी मंडळी म्हणूनच वेगाचे कौतुक करीत नाहीत. ‘जोराने जाण्याचा विचार सोडून द्या’ आणि ‘लवकर पोहोचायचे असेल तर वेळेवर थांबायला शिका’ या अर्थाचा उपदेश संघटनेच्या मार्गदर्शनात ठळकपणे आढळतो. अकरा दिवसांच्या रॅलीत तर ठरावीक काळ विश्रांती घेतल्याचा पुरावा दिला की गुण मिळतात. विश्रांती हा प्रवासात वाया गेलेला वेळ नसून प्रवासाचाच भाग आहे, हे तेथे नियमाने मान्य केलेले आहे.

झोपेशी तडजोड नाही

या प्रवासातील खरा धोका झोपेचा आहे. माणसाच्या शरीरात दिवस-रात्रीचे एक घड्याळ असते आणि पहाटेपूर्वीच्या काही तासांत, साधारण दोन ते सहाच्या दरम्यान, ते मेंदूला निद्रेकडे ओढते. निर्धाराने हे ओढणे थांबत नाही. डोळे उघडे असतानाही मेंदू काही सेकंद झोपेत जातो, आणि आपण झोपलो होतो हे त्या माणसाला पुष्कळदा कळतही नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ ६७ मीटर अंतर, ज्यात गाडीवर कोणाचेही नियंत्रण नसते. मोटारीत निदान चार चाके आणि लोखंडी कवच असते. दुचाकीवर तोल सांभाळणारा एकटा स्वारच असतो.

ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा पण महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सलग जागे राहिलेल्या आणि मद्य घेतलेल्या व्यक्तींना त्यांनी हात व डोळे यांच्या समन्वयाची एकच चाचणी दिली. सतरा तास जागरणानंतर माणसाची कामगिरी रक्तातील मद्याचे प्रमाण ०.०५ टक्के असल्याप्रमाणे खालावते आणि चोवीस तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या आसपास जाते, असे त्यांना आढळले. भारतात वाहनचालकासाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे.

या दोन आकड्यांची सांगड घातली की चित्र स्पष्ट होते. पुष्कळजण रहदारी टाळण्यासाठी पहाटे चारला निघतात आणि त्यासाठी तीनला उठतात. रात्री आठ वाजता अशा स्वाराचे जागरण सतरा तासांचे झालेले असते. तोवर सर्व काही सुरळीत पार पडले असले, तरी अंधार पडल्यानंतरचा उरलेला सारा प्रवास तो कायद्याने मद्यपी ठरवलेल्या चालकाहून वाईट अवस्थेत करीत असतो. फरक इतकाच की त्याचे श्वासपरीक्षण करणारे यंत्र कोणत्याही नाक्यावर नाही.

चहा-कॉफीने हे टळते, हा समज अर्धाच खरा आहे. कॉफीचा परिणाम दिसायला साधारण वीस ते तीस मिनिटे लागतात आणि तो झोपेची गरज भागवत नाही, केवळ तिची जाणीव काही काळ मागे ढकलतो. तिचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे कॉफी घेऊन लगेच पंधरा-वीस मिनिटे आडवे होणे. उठेपर्यंत तिचा परिणाम सुरू झालेला असतो. इंग्लंडमधील लॉफबरो विद्यापीठातील संशोधनातही ही जोडी एकट्या कॉफीपेक्षा अधिक उपयुक्त ठरल्याचे दिसून आले. तोंडावर पाणी मारणे, मोठ्याने गाणे, काच उघडून वारा घेणे या उपायांचा परिणाम अल्पकाळच टिकतो. डोळे मिटू लागले की त्यावर झोप हा एकच इलाज आहे.

आपल्या रस्त्यावरचे हजार मैल

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अमेरिकेतील आंतरराज्य महामार्गांवर वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ६५ ते ७५ मैल आहे. चौकांशिवाय, सिग्नलशिवाय शेकडो मैल जाणाऱ्या या मार्गांवर कायदा पाळूनही ताशी ६५ मैलांची चाल ठेवता येते. त्या चालीने हजार मैलांसाठी साधारण पंधरा तास तेवीस मिनिटे लागतात. चोवीस तासांतून ती वजा केली, तर आठ तास सदतीस मिनिटे उरतात. त्यात पेट्रोल, जेवण आणि तीन-चार तासांची झोप सहज बसते. सॅडलसोर हे माप तेथे पहिली पायरी मानले जाते, ते याच कारणामुळे.

भारतात केंद्र सरकारने २०१८ साली ठरवलेल्या कमाल मर्यादेनुसार दुचाकीला द्रुतगती मार्गावर आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर, तर इतर रस्त्यांवर ६० किलोमीटर वेगाची मुभा आहे. राज्ये याहून कमी मर्यादाही ठरवू शकतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या अडथळे नसलेल्या रस्त्यावर तर दुचाकीला प्रवेशच नाही. तेव्हा उरतात ते साधे राष्ट्रीय महामार्ग, ज्यांवर गावे आहेत, गुरे आहेत, विरुद्ध दिशेने येणारे ट्रॅक्टर आहेत आणि उड्डाणपुलाच्या कामासाठी वळवलेले रस्ते आहेत.

मर्यादा ८० असताना गाडी चालू असतानाची सरासरी ७५ ठेवणे जवळजवळ अशक्य असते. तरीही ती साधली असे गृहीत धरले, तर १,६१० किलोमीटरला साडेएकवीस तास लागतात आणि अवघे अडीच तास उरतात. सरासरी ७० असेल, तर तेवीस तास केवळ चालवण्यात जातात. उरलेल्या एका तासात पेट्रोल, पाणी, जेवण आणि सर्व पावत्या! झोपेला जागाच राहत नाही. ‘बन बर्नर गोल्ड’चा हिशेब आणखी बोलका आहे. त्यासाठी थांब्यांसह ताशी १०० किलोमीटरची सरासरी लागते. जिथे कमाल मर्यादाच ८० आहे, तिथे तो प्रवास पूर्ण करणे आणि कायदा मोडणे या दोन निराळ्या गोष्टी राहत नाहीत. छत्तीस तासांच्या प्रवासानेही सुटका होत नाही, कारण दीड हजार मैल भागिले छत्तीस तास म्हणजे पुन्हा तीच सदुसष्टची सरासरी.

म्हणजे अमेरिकेत जो प्रवास शिस्तीची परीक्षा घेतो, तोच येथे एक तर कायदा मोडायला लावतो किंवा झोप मोडायला लावतो. बहुतेकदा दोन्ही. भारतातील स्वारांनी असे प्रवास पूर्ण केले आहेत आणि त्यांच्या चिकाटीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या मागून जाऊ पाहणाऱ्या, नवी गाडी हाती आलेल्या तरुणाला हा फरक कोणी तरी सांगायला हवा.

हजार मैलांऐवजी हजार किलोमीटर

यावर एक सोपा तोडगा त्या हिशेबातच दडलेला आहे. मैलांच्या जागी किलोमीटर घालावेत. ताशी ६५ किलोमीटरच्या चालीने हजार किलोमीटर कापायला पंधरा तास तेवीस मिनिटेच लागतात आणि चोवीसांतून तेच आठ तास सदतीस मिनिटे उरतात. अमेरिकन स्वाराला हजार मैलांत जेवढी विश्रांती मिळते, तेवढीच आपल्या स्वाराला हजार किलोमीटरमध्ये मिळते. दोन्ही रस्त्यांचा विचार करता कसोटी तीच राहते.

बेळगावहून बंगळुरूला जाऊन परत येणे म्हणजे साधारण हजार किलोमीटर. धारवाड, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकुरू असा हा मार्ग बहुतांशी चौपदरी आहे आणि त्यावर पेट्रोलपंपांची कमतरता नाही. पणजीहून निघणाऱ्याला त्यात बेळगावपर्यंतची जा-ये वाढते. शिवाय चोरला घाटातला वळणांचा रस्ता रात्री, थकलेल्या अवस्थेत उतरावा लागू नये म्हणून आरंभ आणि शेवट बेळगावलाच ठेवणे अधिक शहाणपणाचे. परतीचे टोक बंगळुरू शहराच्या आत न नेता अलीकडेच ठेवले, तर शहरी रहदारीत जाणारा वेळही वाचतो. कमी पडणारे किलोमीटर दुसऱ्या टोकाला, कोल्हापूरच्या दिशेने भरून काढता येतात.

तयारी आदल्या रात्री सुरू होत नाही. नवा टायर, नवी बैठक, नवे बूट किंवा नवा दिवा प्रवासाच्या तोंडावर बसवू नये. जे बिघडायचे असेल ते घराजवळ बिघडू द्यावे. चेन, ब्रेकचे पॅड, टायरमधील हवा, क्लचची केबल आणि इंजिन ऑइल यांची तपासणी आठवडाभर आधी करून त्यानंतर शे-दोनशे किलोमीटर गाडी फिरवून पाहावी. आधी तीनशे, मग पाचशे, मग सातशे किलोमीटर असे टप्पे घेतले, की मनगट कधी बधिर होते, पाठ कुठे दुखते आणि तहान कधी लागते हे स्वाराला आपले आपल्याला कळते. पंधरा लिटरची टाकी आणि लिटरला तीस किलोमीटर देणारी गाडी कागदावर साडेचारशे किलोमीटर जाते. परंतु पेट्रोल तीनशेवरच भरावे, कारण त्या वेळी शरीरालाही उतरण्याची गरज असते.

पाणी तहान लागण्यापूर्वी प्यावे. वाऱ्यात घाम सुकून जातो आणि शरीरातील पाणी कमी झाल्याचे लक्षात येत नाही. आधी डोके जड होते, मग निर्णय चुकू लागतात. थोड्या थोड्या वेळाने घोटभर पाणी, मधून लिंबू सरबत किंवा कोकम सरबत हे उत्तम. ढाब्यावरची भरगच्च थाळी मात्र टाळावी. तिच्या पाठोपाठ डोळ्यांवर झापड येते. केळी, चिक्की, दहीभात असे हलके अन्न पोटाला पुरते. हेल्मेटमध्ये घुमणारा वाऱ्याचा आवाज तासन्‌तास कानावर पडत राहिला की श्रवणाला तर इजा होतेच, पण थकवाही वाढतो. म्हणून जाणकार कानात फोमचे बोळे घालतात.

निघण्याची वेळ झोपेवरून ठरवावी. आदल्या दोन्ही रात्री पूर्ण झोप घेऊन सकाळी सहाला निघालेला स्वार पहाटे तीनला उठून निघालेल्यापेक्षा दिवसभर अधिक जागा राहतो. हंगाम दिवाळीनंतरचा चांगला. हवा थंड आणि कोरडी असते, पण रात्र मोठी असते हेही हिशेबात धरावे लागते. रात्री अकरा ते पहाटे पाच हा काळ गाडीवर न घालवता एखाद्या लॉजमध्ये किंवा ओळखीच्यांच्या घरी झोपेत घालवता येईल अशा बेताने मार्ग आखावा. हजार किलोमीटरच्या मापात तेवढी सवड राहते.

माघारीचा निर्णय

ट्रक आणि बस चालवणाऱ्यांच्या बाबतीत कायद्याने थकव्याची दखल फार पूर्वी घेतली. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही कामाची मर्यादा ठरवली, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. पोटासाठी गाडी चालवणाऱ्यालाही आठ तास पुरे, असे मानणारा हा कायदा छंदासाठी चोवीस तास गाडीवर बसणाऱ्याला मात्र लागू होत नव्हता. तेथे मालक तोच, कामगार तोच आणि निरीक्षकही तोच. ‘आता पुरे’ असे म्हणण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाकडेही नसतो.

तो अधिकार वापरणे कठीण असते, कारण थकलेला मेंदूच आपण थकलेलो नाही असा निर्वाळा देत असतो. म्हणून माघारीच्या अटी निघण्यापूर्वी, ताज्या मनाने लिहून ठेवाव्यात. मागचे काही किलोमीटर कसे आले ते आठवत नसेल, गाडी नकळत पट्ट्याबाहेर सरकली असेल, एकाच पाटीकडे दोनदा पाहावे लागले असेल किंवा ठरलेल्या वेळेच्या दीड तास मागे पडलो असू, तर प्रवास तेथेच संपला. यांतील एकही अट रस्त्यावर बदलायची नाही. घरच्या एका माणसाकडे या अटी द्याव्यात आणि प्रत्येक थांब्यावर त्याला फोन करावा. दोन मिनिटांच्या बोलण्यात आवाजातली जडता पलीकडच्याला चटकन कळते. त्याने ‘आता थांब’ म्हटले तर वाद न घालता थांबण्याचे वचन आधीच दिलेले असावे.

अर्ध्यावर सोडलेला प्रवास पुढच्या महिन्यात पुन्हा करता येतो. अंतर, रस्ता आणि पेट्रोलपंप तेथेच असतात. रस्त्यावर चालणारे पादचारी, सायकलवरून शाळेत जाणारी मुले आणि समोरून येणारा दुचाकीस्वार यांना कोणाच्या प्रमाणपत्राशी देणेघेणे नसते. थकलेल्या स्वाराच्या तीन सेकंदांची किंमत मात्र त्यांनाही मोजावी लागू शकते.

आणि प्रवास यशस्वी झाला, शेवटची पावती हाती आली, साक्षीदाराची सही झाली, तरी एक काम उरते. बेळगावच्या पंपावरून पणजीचे घर अजून शंभरावर किलोमीटर दूर आहे आणि मध्ये घाट आहे. घड्याळ थांबलेले असते, मन सैल पडलेले असते, शरीराने मात्र विश्रांतीचा हिशेब अजून मागितलेला नसतो. त्या वेळी गाडी उभी करून, किल्ली कोणाच्या तरी हाती देऊन झोपावे. घरी सकाळी पोहोचले तरी चालते.